कानाच्या टोकाचं रक्त

जनावरांच्या दवाखान्यात मागच्या अंगाला एक अरुंद खोली आहे. तिथे गाय येत नाही, गायीचा एक थेंब येतो. काचेच्या पट्टीवर तो पातळ पसरायचा, जांभळ्या रंगात बुडवायचा, धुऊन वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, हे जिचं काम तिला सगळे काचताई म्हणतात. खरं नाव विचारलं तर खुद्द डॉक्टरीणबाईसुद्धा डोकं खाजवतील.

काचताईच्या चष्म्याची भिंगं जाड होत गेली, पण तिचं नवल काही ओसरलं नाही. घोड्याच्या ताज्या रक्तात एखादा जीव वळवळत पेशींना ढुशा देताना दिसला, की ती आजही "अगं बाई!" म्हणून ओरडते आणि पलीकडे कंपाउंडरच्या हातातली बाटली पडता पडता राहते. "एका पेशीचा आख्खा प्राणी," ती भेटेल त्याला सांगते. "हात नाही, पाय नाही, डोकं म्हणावं तर तेही नाही. आणि चार जणांना न आवरणारा बैल गुडघ्यावर आणतो!" शत्रूचं एवढं तोंडभर कौतुक करणारी बाई शोधून सापडायची नाही.

तिचा एक नियम मात्र दगडावरची रेघ. गोचीड तापाचा संशय असला, की रक्त कानाच्या टोकाचंच घ्यायचं. मोठ्या शिरेत रक्त धावत असतं. हमरस्त्यावर कोण थांबतंय? या तापाचे जीव ज्या पेशीत शिरतात ती जड होते आणि बारीक बोळात अडकते. चोर बोळात शोधावा, असं ती म्हणते.

एवढी पक्की बाई चुकली, आणि चुकली ती स्वतःच्याच घरी.

घरी सासूबाई आणि सासूबाईंचा कुत्रा. दारातून जाणाऱ्या प्रत्येकावर तो कामाला लावल्यासारखा खेकसायचा, म्हणून त्याला मुकादम म्हणत. सासरे गेल्यापासून सासूबाई घरात मोजकंच बोलत. सुनेशी कामापुरतं, मुलाशी त्याहून कमी. उरलेलं सगळं मुकादमाशी. तोही म्हातारा झाला होता. एकदा भांडणात त्याचा कान फाटला, तेव्हापासून त्या कानांना सासूबाईंखेरीज कोणी हात लावायची सोय नव्हती.

मुकादमाने अन्न टाकलं, अंग तापलं. काचताईने सुई काढली तशा सासूबाई आडव्या आल्या. "कानाला सुई लागली तर माझ्याशी गाठ आहे!"

बैलाच्या शिंगांना न घाबरणारी काचताई तिथे नरमली. तिने पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त घेतलं. काच स्वच्छ निघाली. "पोट बिघडलंय, आई, होईल बरं," असं सांगून ती मोकळी झाली. खरं तर तिलाही तेच हवं होतं.

दोन दिवसांनी मुकादमाची लघवी काळ्या चहासारखी झाली आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. रिक्षा करून सासू-सून त्याला दवाखान्यात घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याची पापणी उलटून पाहिली. "काचताई, कानाचं बघितलं होतंस ना?"

काचताईने मानेनेच नाही म्हटलं. मग सासूबाईच पुढे झाल्या. त्यांनी मुकादमाचं डोकं मांडीवर घेतलं, कान स्वतःच्या बोटांत धरला आणि म्हणाल्या, "टोच."

काच रंगली, वाळली. काचताईने डोळा लावला. गुलाबी पेशींत जांभळ्या थेंबांच्या जोड्या, टोकाला टोक लावून बसलेल्या, कुठे दोन, कुठे चार. इतकी सुबक नक्षी, आणि ती आपलं कुत्रं खात होती. तिला रडू आलं, तरी नजर काढवेना.

"मी चुकले, आई. तुम्ही नको म्हणालात तरी कानाचं घ्यायला हवं होतं."

"मी नको म्हणायलाच नको होतं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "औषध या जिवांना मारील. पण गेलेलं रक्त त्याचं त्यालाच बनवावं लागेल. वय झालंय, जमेल की नाही सांगता येत नाही."

मुकादम दवाखान्यातच पडून राहिला, आणि सासूबाई त्याच्या शेजारी स्टुलावर. पुढच्या काचांवर जोड्या विरळ होत गेल्या, मग दिसेनाशा झाल्या. पण पेशीही विरळच होत्या, आणि कुत्रं मान उचलत नव्हतं. आठवडा सरत आला तेव्हा एका सकाळी काचताई "अगं बाई!" म्हणून किंचाळली. कंपाउंडर धावत आला. तिने त्याला बाजूला सारून सासूबाईंना ओढत आणलं आणि त्यांचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला.

"त्या मोठ्या, निळसर दिसतात त्या बघा."

"या आणखी कोण मेल्या?"

"त्याच्याच पेशी, आई. नव्या. हाडांच्या आत तयार होऊन आल्यात, अजून पिकल्यासुद्धा नाहीत."

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "एवढा म्हातारा झालाय गं तो," त्या हळूच म्हणाल्या. "अजून जमतं त्याला?"

"जमतं की. जीव आहे तोवर हे चालूच असतं."

"सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचंच."

सासूबाईंनी डोळा काढला, पदराला हात पुसला आणि सुरकुतलेलं एक बोट सुनेपुढे धरलं.

"मग माझं दाखव."