दहा बोटांची परीक्षा

कत्तलखान्याच्या हाडं काढायच्या खोलीत सगळ्या तिला सुरीमावशी म्हणायच्या. एकोणीस वर्षं ती एकाच टेबलापाशी उभी होती. सरकत्या पट्ट्यावरून जनावराचा खांदा आला की सुरी घालायची, मनगट वळवायचं, हाड एकीकडे, मांस दुसरीकडे. चाळीस सेकंद झाले की पुढचा खांदा हजर. खोली इतकी गार की बोलताना तोंडातून वाफ निघायची. मांस नासू नये म्हणून केवढी ती काळजी! माणसाचं काय, एक नासलं तर फाटकावर दुसरं उभंच असतं.

अशा कामात बोटं बधिर होतात. म्हणून दर सहा महिन्यांनी कंपनीचे डॉक्टर सगळ्यांचे हात तपासायचे. आपण डोळे मिटायचे, डॉक्टर सुई टोचणार, कुठल्या बोटाला टोचलं ते आपण सांगायचं. दोनदा चुकलं की त्याच संध्याकाळी घरी. मावशीची करंगळी नोकरीच्या आठव्या वर्षीच बधिर झाली, मग बाकीचीही एकेक करून. पण मावशी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. डॉक्टर दरवेळी उजव्या अंगठ्यापासून सुरू करतात, ओळीने जातात आणि बोटागणिक मनात तीन मोजण्याइतका वेळ घेतात, हे तिने केव्हाच हेरलं होतं. तीन मोजायचे आणि पुढच्या बोटाचं नाव घ्यायचं. दहापैकी दहा.

ही विद्या तिने टेबलावरच्या प्रत्येकीला दिली. तिची सूनही तिथेच कामाला होती, वय सव्वीस आणि दोन बोटं आत्ताच बधिर झालेली. तिलाही दिली. बावीसजणी मावशीच्या शिकवणीवर पास होत होत्या, आणि त्याचा मावशीला कोण अभिमान!

मग एका सकाळी स्वयंपाकघरात जळका वास सुटला. "शेजारी काहीतरी करपलं वाटतं," मावशी म्हणाली.

"आई, तुमचा हात!" सून किंचाळली. मावशीचा डावा तळवा तापल्या तव्यावर टेकलेला होता.

त्या दिवसापासून मावशीने धसकाच घेतला. तव्याचं कळलं नाही, मग सुरीचं काय कळणार? त्यातच कंपनीच्या फळ्यावर सूचना लागली: जुन्या कामगारांपैकी ज्यांचे हात बधिर झाले असतील, त्यांना लेबलं चिकटवायच्या खोलीत बसून काम मिळेल. तिथे सुरी नव्हती, गारठा नव्हता, आणि खुर्ची होती. मावशीला आयुष्यात एवढंच हवं होतं.

"जाऊ नकोस," नवरा म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण होईल."

"एकोणीस वर्षं राबलेय मी तिथे. खरं सांगायला कसली भीती?" असं म्हणून ती गेली. भाबडी!

डॉक्टरांनी तिची फाइल काढली. "मावशी, तुमचे हात तर ठणठणीत आहेत. आजवर एकही बोट चुकलेलं नाही."

"ते खोटं होतं, साहेब. तुम्ही अंगठ्यापासून सुरू करता. मी नुसती मोजून नावं घेते. मला एकाही बोटात काही कळत नाही."

डॉक्टर दचकले नाहीत, चिडलेही नाहीत. ड्रॉवरमधून त्यांनी एक कोरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. "मग तसं लिहून द्या, की इतकी वर्षं मी कंपनीला फसवलं. आणि ही युक्ती आणखी कोणाकोणाला ठाऊक आहे, त्यांची नावंही खाली घाला. त्यांची परत तपासणी करावी लागेल."

मावशीच्या डोळ्यांपुढे सगळं टेबल उभं राहिलं. कडेला सून, मान खाली घालून खांदे सोडवणारी. खुर्ची एक, आणि तिच्यासाठी बावीसजणींच्या पोटावर पाय! तिला डॉक्टरांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आपल्याच शहाणपणाने आपलं तोंड शिवून ठेवलं होतं.

"चुकून बोलले, साहेब," ती कशीबशी म्हणाली. "सगळं कळतं मला."

"नक्की? मग तपासून टाकू. मिटा डोळे."

मावशीने दोन्ही हात टेबलावर पसरले आणि डोळे घट्ट मिटले. "अंगठा," ती म्हणाली. मनात तीन मोजले. "त्याच्या शेजारचं." पुन्हा तीन. "मधलं." आकडा चुकू न देता ती डाव्या करंगळीपर्यंत पोचली.

"शाबास, दहापैकी दहा!" डॉक्टर म्हणाले.

तिने डोळे उघडले. फाइलवर सही होऊन शाईसुद्धा वाळली होती. सुईचं पाकीट तिच्या हाताशेजारी तसंच पडलं होतं, न फोडलेलं.