तण कुणाकडेच नाही

आमच्या हॉलमध्ये दिवाणासमोर खाऱ्या पाण्याची टाकी आहे. कोल्हापुरात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, मासे खायचे की बघायचे? बघायचे, असं म्हटल्यावर विचारणाऱ्याचा निम्मा रस संपतो. मासे दोनच आहेत आणि बाकी सगळे दगड आणि प्रवाळ आहेत हे कळल्यावर उरलेलाही संपतो. मी घरी शिवणाचे क्लास घेते. मुली कापडावर मापं टाकता टाकता टाकीकडे बघतात आणि म्हणतात, "मॅडम, ह्यातलं जिवंत काय हाय?" सगळंच जिवंत आहे. दगडसुद्धा, त्यांच्या भोकाभोकांत बारीक जीव राहतात. पण हे पटवून देता देता माझा घसा बसतो, म्हणून मी आता नुसती मान हलवते.

या दगडांवर एक तण येतं. ॲप्टेशिया त्याचं नाव. तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं, बोटाच्या पेराएवढं समुद्रफूल. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वाटलं, फुकटात फूल आलं. मी कौतुकानं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी इकडच्या खाऱ्या टाकीवाल्यांचा आमचा एक ग्रुप आहे. त्यात हातकणंगल्याचे एक गृहस्थ सगळ्यांत जुने आणि जाणते. त्यांचं उत्तर आलं, "वैनी, घाण शिरली तुमच्या टाकीत." मग कळलं की हे फूल शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मारतं, आणि उपटायला जावं तर तुटलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवं उगवतं. ग्रुपमधल्या सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. आपल्याकडे मात्र असलं काही नाही, हेही प्रत्येकानं आवर्जून लिहिलं. मला शाळेतली उवा तपासायची रांग आठवली.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, साखर कारखान्याच्या बॉयलरवर जन्म काढून आता घरी बसलेत. तंबाखू मळता मळता त्यांनी माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाले, "चुना घाल की त्येला." मी चिडले. टाकी म्हणजे काय पान आहे? पण शोधून बघितलं तर जगभरचे लोक तेच करत होते. चुन्याची दाट पेस्ट सिरिंजमध्ये भरायची आणि फुलाच्या तोंडावर सोडायची. मामांना हे सांगितल्याची मला पुढे फार किंमत मोजावी लागली. त्यांना उद्योगच मिळाला. रोज दुपारचं जेवण झालं की चष्मा लावून, सिरिंज घेऊन ते टाकीसमोर स्टूल मांडायचे. दगडाच्या फटीत, पंपाच्या मागे, कुठेही दडलेलं तण त्यांनी सोडलं नाही. शेवटी एक दिवस टाकीवर थाप मारून म्हणाले, "बघ. बियाला बी ठिवलं न्हाय." मीही खूश झाले. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी शिरा केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं प्रवाळाचा एक नवा तुकडा मागवला. थर्माकोलच्या खोक्यात, पिशवीत पाणी भरून आला. त्याच्याबरोबर कोण आलंय ते मला दुसऱ्या दिवशी पहाटे, टाकीचे दिवे लागायच्या आधी दिसलं. काचेवर काहीतरी सरकत होतं. करंगळीच्या नखाएवढं, सायीच्या रंगाचं, पाठीवर करड्या बोटांची झालर आणि प्रत्येक बोटाचं टोक पांढरं. पुढे दोन लांब मिशा, आणि डोक्यावर केशरी रंगाचा हलका हात फिरवल्यासारखा. बिनशंखाची समुद्री गोगलगाय. मी जरीकामाचं भिंग काढलं आणि चहा उकळून भांड्याबाहेर जाईपर्यंत तिला बघत बसले. इतकं देखणं काही माझ्या घरात कधी आपणहून आलं नव्हतं.

फोटो ग्रुपवर टाकला ही माझी हौस. पहिलं उत्तर जाणत्यांचंच. "मॉन्टी खाणारी हाय. लगीच काढून मारा." मॉन्टी म्हणजे माझ्या टाकीतलं ताटलीसारखं पसरलेलं केशरी प्रवाळ, आणि ते खाणारी एक गोगलगाय असते हे खरं. पाठोपाठ सगळ्यांचे अंगठे आले. मारा. गरम पाण्यात टाका. टाकीत अंडी घालायच्या आत मारा. कुणी भिंग लावून बघितलं नव्हतं, फोटो मोठा करूनही बघितला नव्हता. जाणत्यांनी म्हटलं म्हणजे झालं.

मी सकाळभर वाचत बसले. क्लासच्या मुली आल्या त्यांना काजं करायला बसवलं आणि पुन्हा वाचत बसले. मॉन्टी खाणारी असते ती तांदळाच्या कणीएवढी, पांढरीफटक, तिच्या पाठीवरची बोटं आखूड आणि गाठाळ, आणि ती प्रवाळाच्या खालच्या बाजूला चिकटून राहते. माझी चांगली मोठी, मिशाळ, काचेवर फिरायला निघालेली. सगळ्या खुणा एकाच गोगलगायीशी जुळत होत्या. ती प्रवाळाला तोंड लावत नाही. ती फक्त एकच गोष्ट खाते, ॲप्टेशिया. त्यावाचून दुसरं काहीही नाही, मेली तरी नाही.

हे वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. ज्या तणासाठी मी महिनोन्‌महिने जिवाचं पाणी केलं, ते खाणारी स्वतःच्या पायानं घरात आली होती, आणि तिच्या ताटातलं सगळं आम्ही चुना घालून संपवलं होतं. मामांना सांगितलं तर ते स्टुलावर बसलेच. "म्हंजे पावणी आली आन् घरात खायला न्हाय?" त्यांचा चेहरा बघवेना. आमच्या घरात दारात आलेला माणूस, मग तो पोस्टमन का असेना, काही खाल्ल्याशिवाय गेलेला नाही. त्यावरून सासूबाई असताना त्यांची भांडणं व्हायची. नवऱ्यानं मात्र कामावर निघताना सरळ सांगितलं, मला या भानगडीत घेऊ नका.

मोठ्या टाकीत ती सापडेनाशी झाली असती किंवा पंपात गेली असती, म्हणून मी तिला टाकीचंच पाणी भरून लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढलं आणि हवेची नळी सोडली. मग ग्रुपवर सविस्तर लिहिलं. दोन्ही गोगलगायींचे फोटो शेजारी शेजारी लावले, खुणा समजावल्या आणि विचारलं, कुणाकडे ॲप्टेशिया असेल तर एखादा दगड द्या, मी येऊन घेऊन जाते. हे मी आयुष्यातलं सगळ्यांत सोपं मागणं समजत होते. लोक ज्याला शिव्या घालतात ते मी मागून घेत होते.

"आमच्याकडं न्हाय हो ते." "देवाच्या दयेनं अजून तरी नाही." "आम्ही दगड भिजवून, धुऊन मगच टाकतो, त्यामुळं प्रश्नच येत न्हाय." एकानं तर मला टाकी स्वच्छ कशी ठेवावी याचा व्हिडिओ पाठवला. जाणत्यांनी शेवटचं लिहिलं, "वैनी, ती जात आपल्या बाजूला येतच न्हाय. उगं लाड करू नका. मारा." मी प्रवाळ पाठवणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराला फोन केला. "आमचा माल एकदम क्लीन असतो मॅडम." अरे, तुझ्याच मालातून ही आली ना? आणि ही आली म्हणजे तिचं जेवणही तुझ्याकडे आहे ना? फोन कट. मी एवढी चिडले होते की त्या दिवशी एका मुलीच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली.

बरणीतली बारीक होत चालली. पाठीवरची करडी बोटं फिकी पडायला लागली, कारण तो रंग तिला त्या तणातूनच मिळतो. काचेवर फिरणं कमी झालं. मी रोज थोडं पाणी बदलत होते, त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. आणि मी क्लासमध्ये गुंतले असताना मामांनी पाहुणचार सुरू केला. आधी उकडलेल्या अंड्याचा बलक. मग पालकाचं पान. मग सुकट कुटून. मला पत्ता तेव्हा लागला जेव्हा बरणीचं पाणी दुधट झालं आणि वास आला.

"मामा, ती हे खात नाही! किती वेळा सांगितलं?"

"आगं, लाजत असंल. आग्रव केल्याबिगर कोण खातंय व्हय?"

"तिला लाज नसते मामा, तिला पोट असतं! आणि त्यात एकच गोष्ट जाते!"

मी सासऱ्यांवर असा आवाज कधी चढवला नव्हता. मी बरणी धुतली, ताजं पाणी भरलं, तिला रंगाच्या ब्रशनं अलगद उचलून आत सोडलं. ती बराच वेळ आक्रसून पडून होती. मामा दाराशी उभे राहून बघत होते. मला त्यांचाही राग येत होता आणि त्यांच्यावर ओरडल्याचाही. ते निदान काहीतरी द्यायला बघत होते.

पुढच्या दिवशी भर दुपारी दारात मोटारसायकल थांबली. हेल्मेट न काढता एक माणूस दुधाची किटली घेऊन आत आला, आणि हॉलमध्ये आल्यावरच हेल्मेट काढलं. हातकणंगल्याचे जाणते. किटलीचं झाकण उघडलं तर आत पाण्यात एक दगड, आणि दगड दिसू नये इतकं त्यावर ॲप्टेशिया. मी बघतच राहिले.

"एकाकडं मिळालं," ते म्हणाले.

"कुणाकडं?"

ते टाकीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "वैनी, आता काय सांगायचं. मागची आख्खी बाजू भरलीया. फोटो काढताना पुढनं काढतो."

"आणि मला 'मारा' म्हणालात."

"तवा मला तसंच वाटलं हुतं. नंतर तुम्ही टाकलेल्या खुणा बघितल्या. पटल्या की."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात? ती उपाशी आहे हो इथे!"

"चारचौघांत कसं म्हणायचं? एवढी वर्सं लोकांस्नी सांगत आलोय. तुम्ही बी ग्रुपवर माझं नाव घिऊ नका."

मामांनी त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. मी चहा ठेवला, पण मला त्यांच्याशी नीट बोलवेना.

दगडाचा एक तुकडा बरणीत ठेवला. ती आधी हललीच नाही. मग मिशा उभ्या झाल्या. हळूहळू सरकत ती सगळ्यांत बारक्या फुलापाशी गेली, पाठीवरची सगळी बोटं पुढे ताठ केली आणि त्याच्या देठाला तोंड लावलं. मामा श्वास रोखून बघत होते. "खाल्लं! खाल्लं गं!" असं ओरडून त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली. मी मोबाइलवर सगळं टिपलं आणि ग्रुपवर टाकलं. खाली काहीच लिहिलं नाही. आता तरी कुणाला शंका राहू नये.

पण एवढ्या उपासानंतर ते अन्न तिला पेललं नसावं, किंवा ते नासलेलं पाणी आधीच भोवलं असावं. दुसऱ्या दिवशी ती बरणीच्या तळाला उलटी पडली होती. अर्धं खाल्लेलं फूल पुन्हा मिटून उघडत होतं. मी खूप रडले. नखाएवढ्या जिवासाठी, असं कुणी म्हणेल, म्हणू दे. ती एका आजारानं गेली असती तर मी गप्प बसले असते. ती भरल्या गावात उपाशी गेली, याचा मला त्रास होत होता आणि अजून होतो.

त्या संध्याकाळपासून मला ग्रुपबाहेर, एकेकट्यांचे मेसेज यायला लागले. "ताई, व्हिडिओ बघितला, जबरदस्त. तिनं अंडी घातली असतील तर पिल्लं मिळतील का? माझ्या एका मित्राकडं तण लई झालंय." "वहिनी, आमच्या पाहुण्यांच्या टाकीत थोडा प्रॉब्लेम आहे, त्यांच्यासाठी विचारतोय." स्वच्छतेचा व्हिडिओ पाठवणाऱ्याचाही आला, त्याच्या साडूकडे होतं म्हणे. दगड धुऊन टाकणाऱ्याच्या शेजाऱ्याकडे होतं. सगळ्यांच्या मित्रांकडे, साडूंकडे, शेजाऱ्यांकडे रान माजलं होतं, आणि सगळ्यांना ती हवी होती.

मी कुणालाच वेगळं उत्तर दिलं नाही. ग्रुपवर लिहिलं, "गोगलगाय गेली. उपाशी होती. ज्यांच्या मित्रांना तशी हवी असेल त्यांनी पुढच्या वेळी मित्राचं नाव इथे, सगळ्यांसमोर लिहावं."

मग सांगलीच्या एकानं आपल्या टाकीचा नवा फोटो टाकला, निळ्या दिव्यात झगमगणारा. लगेच अंगठे सुरू झाले, कमळं आली, "काय टाकी हाय राव" आलं. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. उजव्या कोपऱ्यात, मागच्या खडकाच्या सावलीत मूठभर तण डोलत होतं. तेवढ्यावर ती महिनाभर जगली असती.