कावळ्याला कबूल केलेला ब्लॉक

आख्ख्या ठाण्यात माझ्याइतका हजरजबाबी माणूस दुसरा नाही, असं लोक म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, आणि लोक उठून जातात. सातवीत दोनदा बसलेला माणूस, तोंड चालवण्याखेरीज करणार काय? पण याच तोंडाने मी एकदा तळ्याचा काठ घालवला. ऐका, आणि चहा संपेपर्यंत शिव्या आवरा.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. आमच्या तळ्याकाठी कोळ्यांच्या आठ-दहा झोपड्या आणि शेजारी दहाव्याचा घाट. एका बिल्डरने तिथे ब्लॉक बांधायचं काढलं. झोपडीवाल्यांना त्यातच एकेक खोली फुकट. महापालिकेने जागेचं आरक्षण उठवलं, की काम सुरू!

आम्ही शेजारच्या नौपाड्यातल्या लोकांनी लगेच तळं बचाव समिती काढली. पुढे कोण? हिराजी कोळी. तळ्यात जाळं टाकणारा, कमी बोलणारा, फोटोत शोभणारा. प्रत्येक सभेत त्याला खुर्चीवर बसवायचं आणि त्याच्या वतीने आम्ही गरजायचं, "हिराजीला तळं पाहिजे!" हिराजी आपला मान खाली घालून बसलेला.

आणि ऐन लढाईत हिराजी गेला. ताप आला काय, चार दिवसांत आटोपलं.

दहाव्याला आम्ही सगळे घाटावर. पिंड ठेवला. वर पिंपळावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ! तुम्हाला ठाऊकच आहे, कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिलेली. मग एकेकाने हात जोडून कबूल करायचं.

मुलगा म्हणाला, "बा, आयेला मी बघीन."

नाही.

भाऊ म्हणाला, "तुजी होडी इकनार नाय."

नाही.

आमचे अध्यक्ष, रिटायर्ड मास्तर, घसा खाकरून पुढे झाले. "हिराजीराव, या काठावर एकही वीट रचू देणार नाही!"

कावळ्यांनी चक्क पाठ फिरवली.

ऊन डोक्यावर आलेलं. हिराजीची बायको जानकीवैनी पदर तोंडाला लावून बसलेली. कुणाला काही सुचेना. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी पुढे गेलो.

"हिराजी, ये बाबा! तुला त्या बिल्डिंगीत तळ्याकडे तोंड असलेला ब्लॉक देतो. बाल्कनीसकट!"

फडफड! एक नाही, तीन कावळे!

कुणी हसलं नाही हो.

मास्तर कुजबुजले, "बाबूराव, हे काय बोललात?"

"गंमत केली, मास्तर."

"मला कळलं ते. कावळ्याला कुठे कळलं?"

महिन्याभराने महापालिकेची सभा. आम्ही वर गॅलरीत. आमच्या बाजूचा नगरसेवक उठला, "हिराजी कोळ्याची शेवटची इच्छा..."

"ती घाटावर सगळ्यांनी पाहिली!" समोरचा ओरडला. "कावळा कशावर शिवला? तळ्यावर की ब्लॉकवर?"

"सभागृहात कावळ्याचा पुरावा चालत नाही!"

"मग तुमच्या घरी दहावं करू नका!"

एकच हशा. महापौर टेबल बडवून दमले, "कावळा कामकाजातून काढून टाका!"

कागदातून काढला, मनातून कसा काढणार? आमच्याकडून दोन जुने स्थानिक नगरसेवक मत देणार होते. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायला ते धजेनात. हात वर करायची वेळ आली, तेव्हा दोघे टेबलाकडे बघत राहिले. तेवढ्यानेच आम्ही पडलो.

घाट तोडला. बिल्डिंग उभी राहिली. जानकीवैनीकडे जायला माझे पायच वळेनात. किती दिवस तोंड चुकवलं! शेवटी एकदा सकाळी गेलो. त्याच बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर मिळालेली खोली. वैनी खिडकीत बसून बोंबील निवडत होत्या. मी दारातच हात जोडले.

"वैनी, चुकलो. मी आपली गंमत केली, आणि आमच्या हिराजीचं तळं गेलं."

वैनींनी मान वर केली.

"मस्करी तुमी केली, भावजी. त्यानं नाय. पंचवीस वर्सा गलते छपराखाली टोप मांडून, अंग चोरून निजला तो. येवढ्या सभा घेतल्या त्याला खुर्चीवर बसवून. एकदा तरी इचारला व्हता, हिराजी, तुला काय पायजे?"