विहिरीकडचं दार

चर्चमध्ये माझ्याकडे एकच काम होतं. टँकर आला की उठून विहिरीकडचं दार लावायचं. चर्चचा कारभार बघणाऱ्या गुरुजींनी ते मला पहिल्याच रविवारी सोपवलं, कारण उपासनेला बसणाऱ्या नऊ जणांत गुडघे न धरता उठू शकणारी मी एकटीच होते.

बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी अंबाजोगाईहून आत्याकडे आले होते. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. पाटोदा तालुक्यातल्या त्या गावात ती एकटी राहायची, चर्चच्या आवाराची किल्ली सांभाळायची आणि दर रविवारी घंटा वाजवायची. घंटेचा दोर ओढताना पाय घसरून तिचं मनगट मोडलं, म्हणून मला मदतीला धाडलं. वडील सहकारी साखर कारखान्यात कारकून. माझं लहानपण कारखान्याच्या वसाहतीत आणि पुढची वर्षं वसतिगृहात, इंग्रजी शाळेत गेली. गावात मी पाहुणीच. मी बोलले की पुस्तक वाचून दाखवल्यासारखं वाटतं आणि बायका एकमेकींकडे बघतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी शक्यतो बोलतच नसे. दार लावायला बोलावं लागत नाही, त्यामुळे ते काम मला आवडलं होतं.

चर्चला दोन दारं. एक रस्त्याकडचं, एक विहिरीकडचं. विहीर आमच्याच आवारात, दारापासून दहा पावलांवर. फार जुन्या दुष्काळात मिशनच्या साहेबांनी लोकांच्या हाताला काम म्हणून ती खणून घेतलेली. मी आले त्या वर्षी तिला स्वतःचं पाणी उरलं नव्हतं, पण तिच्याएवढी ऐसपैस विहीर गावात दुसरी नव्हती, म्हणून पंचायतीचा टँकर तिच्यातच पाणी सोडायचा आणि बायका पोहऱ्यानं शेंदायच्या. टँकरचे बाकीचे वार पुढेमागे व्हायचे, पण रविवार तो कधी चुकवत नसे. यायचाही नेमका पाळकसाहेब प्रार्थनेसाठी डोळे मिटायचे तेव्हा. मग हंड्यांचा खणखणाट, पोहऱ्यांची आदळआपट, नंबरावरून भांडणं. मी दार लावायची. आत अंधार व्हायचा, अंगाला घाम सुटायचा, आणि आम्ही नऊ जण मंडळी वाढावी म्हणून मनापासून प्रार्थना करायचो.

पूर्वी ते चर्च भरायचं म्हणे. काही घरं पुण्याला गेली ती गेलीच. उरलेली घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायची. त्यांचा नाताळ दर वर्षी कुठल्यातरी कारखान्याच्या उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत व्हायचा. परत आल्यावर रविवारची सवय मोडलेली असायची. आणि त्या वर्षी जिल्ह्याच्या मंडळाचं पत्र आलं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी अधीक्षक साहेब येणार, मंडळी बघणार, आणि एवढीच माणसं असतील तर दर रविवारची उपासना बंद करून महिन्यातून एकदा ठेवणार. इतर दिवशी चर्चला कुलूप.

पाळकसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा आत्या पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. ती सहा दिवस सातव्याच्या आशेवर काढायची. शनिवारी झाडलोट, वेदीवरची चादर धुणं, पितळी फुलदाणी चिंचेनं घासणं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "महिन्यातून एकदा जेवू घातलं तर माणूस जगतंय का?"

पाळकसाहेब तरुण होते, पाटोद्याहून मोटारसायकलवर यायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लोक येत नाहीत म्हणून रडत बसण्यात अर्थ नाही, आपण लोकांकडे गेलं पाहिजे. येशूनं शिष्यांना 'जा' असं सांगितलं होतं, 'बसा आणि वाट बघा' असं नाही. त्यांनी पत्रक काढायचं ठरवलं आणि मी शिकलेली म्हणून मजकूर माझ्याकडे दिला. तोंडानं बोलायचं नाही म्हटल्यावर मी हुरूपानं लिहिलं. दोन रात्री जागून पान भरवलं. त्यात 'अनंतकाळ' आणि 'पाचारण' असे शब्द होते.

पत्रकं वाटायला आम्ही सकाळी दूध संस्थेच्या केंद्रावर गेलो, कारण दुष्काळात गावातले पुरुष एका जागी सापडायचे ते तिथंच. एकानं पत्रक अगदी लक्ष देऊन, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचलं. मला धन्य वाटलं. मग तो म्हणाला, "ताई, लई भारी लिवलंय. पण यायचं कवा आन् कुठं, ते न्हाई लिवलं."

खरंच नव्हतं लिहिलं. नऊच्या नऊ जणांना वेळ आणि जागा पाठ होती, त्यामुळे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पत्रकं वाया गेली नाहीत. दोनतीन जणांनी ती घडी करून दुधाच्या कॅनच्या सैल झाकणाखाली बसवली आणि ती छान बसली.

त्यानंतरच्या रविवारी टँकर आला आणि मी नेहमीप्रमाणे उठले. दाराशी गेले तर एक हंडा नेमका उंबऱ्याला टेकून ठेवलेला. हंड्याची मालकीण पायरीवर बसलेली, माझ्याकडे पाठ. दार लावायचं तर तिला हंडा सरकवायला सांगायला हवं होतं. मी मनात वाक्य जुळवलं. 'आपण हंडा बाजूला घ्याल का' असं जुळलं आणि ते किती हास्यास्पद आहे ते मलाच कळलं. मी तशीच उभी राहिले, मग परत जागेवर येऊन बसले. गुरुजींनी मान वळवून बघितलं. मी जमिनीकडे.

दार उघडं राहिलं ते असं. त्यात श्रद्धेचा वगैरे काही भाग नव्हता.

उजेड आत आला, वारा आला, भांडणही आलं. गीताची वेळ झाली. आमच्या गीतपुस्तकांची पानं वाळवीनं खाल्लेली. पहिलं कडवं सगळ्यांना पाठ होतं, दुसऱ्याला दर रविवारी आवाज पडायचे आणि आम्ही गुणगुणत धृपदाला येऊन मिळायचो. त्या दिवशी आमचे आवाज पडले आणि बाहेरून एक आवाज सुरू झाला. खणखणीत, शेतात हाक मारणाऱ्या बाईचा. दुसरं कडवं शब्दन् शब्द. मागोमाग तिसरं, जे आम्हाला आहे हेच ठाऊक नव्हतं. गात होती ती पायरीवरची बाई, आणि गाताना तिची नजर रांगेतल्या तिच्या नंबरावर होती.

उपासना संपल्यावर आत्या तिच्याजवळ जाऊन बसली. ती आत्याच्या ओळखीतली निघाली. तिची आई जुन्या काळची बायबलबाई होती, खांद्याला पिशवी लावून वाडीवस्तीवर वचनं सांगत फिरणारी. ही स्वतः नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. गावात तिला सगळे मावशी म्हणायचे. आत्यानं विचारलं की एवढं येतं तर आत का येत नाहीस. मावशीनं गुरुजींकडे हनुवटी केली.

"सहा म्हैने फडावर हुते. कुठं हाय, जिती हाय का मेली, कुणी इचारलं न्हाई. आले तर गुरुजी म्हन्ले, गैरहजेरीपायी नाव कमी केलंय. मंग म्हनलं, नाव न्हाई तर कावून यायचं?"

गुरुजी तिथंच उभे होते. निवृत्त मुख्याध्यापक, मंडळीची नोंदवही त्यांच्याकडे, आणि हजेरी म्हणजे हजेरी. पण खोटं बोलणारा माणूस नव्हे. ते म्हणाले की नियम होता. मग म्हणाले की नियम ऊसतोडीच्या आधीचा असावा.

त्या दुपारी आत्याच्या ओट्यावर मंडळीच्या पंचांची बैठक झाली, म्हणजे पाळकसाहेब, गुरुजी आणि आत्या. मी चहा आणून दिला आणि खांबाशी थांबले. पाळकसाहेब खुशीत होते. गुरुजींनीही विचार केला होता, आणि त्यांचा उपाय मुख्याध्यापकाला शोभेल असाच होता. उपासनेला जी बाई बसेल तिला पाण्यात पहिला नंबर द्यावा. अधीक्षक साहेबांपुढे चर्च भरेल.

आत्यानं कप खाली ठेवला. आमच्या आजोबा-पणजोबांना गाव काय म्हणायचं, ते गुरुजींना आठवतं का, असं तिनं विचारलं. दुष्काळात मिशननं तांबडी ज्वारी वाटली होती, तेव्हापासून आमची माणसं ज्वारीसाठी बाटली असं चेष्टेनं म्हणायची रीत पडली होती. ज्यांनी एक दाणाही न घेता विश्वास धरला, त्यांनाही ते ऐकावं लागलं.

"तेवढं एकदा ऐकलं, बास," आत्या म्हणाली. "पाणी नंबरानंच मिळंल. गुरुजी, तुमी सोता आलात तरी हंडा मागंच लावायचा."

मग मीच बोलले. मला अजून नवल वाटतं.

"आपण दार लावतो," मी म्हणाले. "ते लावायला नको."

एवढंच. पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहिले. दर रविवारी ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती माणसं दहा पावलांवर उभी असतात, आणि आपण त्यांच्या तोंडावर दार लावून घेतो, हे पुढं त्यांनीच बोलून दाखवलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या शब्दांत. गुरुजी म्हणाले, गोंगाट होईल. आत्या म्हणाली, हू द्या.

गोंगाट झालाच. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी शोमरोनी बाईची गोष्ट घेतली. भर दुपारी ती विहिरीवर येते आणि येशू तिला प्यायला पाणी मागतो. दारातून आवाज आला, "इतक्या उन्हाची कावून गेलती? रांग नसंल तवा." पाळकसाहेब थांबले, म्हणाले, अगदी बरोबर, तिला चार बायकांत यायची लाज वाटत होती. त्यावर रांगेत बराच वेळ चर्चा झाली. प्रवचन त्यातच संपलं आणि ते त्यांचं सगळ्यात चांगलं प्रवचन होतं. मावशीचं नाव गुरुजींनी वहीत पुन्हा लिहिलं. ती आत बसू लागली, पण दाराजवळ, एक डोळा हंड्यावर. तिच्या मागं ऊसतोडीची आणखी दोन घरं आली.

अधीक्षक साहेब आले त्या रविवारी टँकर वेळेवर होता. साहेब पुढच्या खुर्चीवर. दोन्ही दारं उघडी. विहिरीकडच्या पायऱ्यांवर बायकाच बायका. उन्हामुळे काही जणी उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकलेल्या. गीत छान झालं. साहेबांचा चेहरा खुलत गेला. उपासना संपल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि समाधानानं विचारलं, "ही सगळी आपलीच मंडळी?"

गुरुजी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत, फक्त गप्प राहिले. पाळकसाहेब बुटांकडे बघू लागले. आत्या माझ्या शेजारी होती. एक होकार दिला असता तर तिचे सगळे रविवार तिच्याजवळ राहिले असते. मी तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे मिटले आणि मान हलवली, नाही अशी.

"आत बसलेली सतरा माणसं आपली," मी म्हणाले. "बाकीची पाण्याला आली आहेत."

"मग ती उपासनेला येतील?"

"माहीत नाही. त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. रागावले असं वाटलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू विचारलंस?"

मी नाही म्हणाले. ते म्हणाले, मग जा की.

दहा पावलं. मी चालत गेले. रांगेतल्या बायका गप्प झाल्या, कारण ती मुकी पोरगी काहीतरी बोलणार होती. मी म्हणाले की दर रविवारी नऊ वाजता इथं उपासना असते आणि तुम्ही आलात तर आम्हाला आनंद होईल. पाण्याचा आणि याचा संबंध नाही, नाही आलात तरी नंबर तुमचाच आहे. पुस्तकातलंच मराठी. कुणी हसलं नाही. एक बाई म्हणाली, आपला देव आपल्या घरी बरा आहे, पण पोरीनं विचारलं हे चांगलं केलं. दुसरी, कडेवर लेकरू असलेली, म्हणाली, "आले असते गं. पन तितं बसले तर हितं हंडा पायानं मागं सारत्यात."

"मी धरते नंबर," मी म्हणाले.

साहेबांनी दर रविवारची उपासना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवली. जाताना आत्याला म्हणाले की आकडा बघून नव्हे. ऊसतोड सुरू झाल्यावर पाळकसाहेबांनी महिन्यातून एक फेरी फडावर करावी, असंही त्यांनी लिहून दिलं.

पुढच्या रविवारी मी विहिरीवर पाच हंड्यांची राखण करत उभी होते. चौघी आत बसल्या होत्या. पाचवी लेकराला जेवू घालायला घरी गेली होती. तिचाही नंबर मी धरला, कारण आत्याचा हुकूम होता की कोण कुठं जातं ते विचारायचं नाही. आत प्रार्थना चालली होती. तेवढ्यात एका काकूंनी इकडंतिकडं बघत तिसऱ्या हंड्याला पाय लावला.

"ओ काकू," मी ओरडले, "तुमचा हंडा मागं घ्या. नंबर हाय त्यांचा."

आत पाळकसाहेब थांबले. मग कुणीतरी खुदकन हसलं, बहुतेक मावशी. काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आपला हंडा मागं घेतला आणि शेजारणीला म्हणाल्या, "बोलती की गं ही."