सगळ्यांनी एकाच घरात बघितलेली मालिका

कुडपणच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत टीव्ही बऱ्याच घरांत होते, पण रविवारी संध्याकाळी चालू असायचा तो काकीचाच. काका मुंबईत कामावर असताना गेले. तेव्हापासून तिच्याकडे कुणी सहज म्हणून जात नसे; विधवेच्या घरी काही काम काढूनच जायचं, अशी रीत. असल्या रीतींविरुद्ध मी पत्रकं छापून वाटली. लोकांनी त्यांत भजी बांधली. ही रीत मोडली ती एका अवकाशयानाने.

पृथ्वीची वाट चुकलेल्या यानाची ती मालिका. आधी काकी एकटीच बघायची. मग शेजारची पोरं आली, पोरांना न्यायला आलेल्या बाया बसल्या, शेवटी बापयेही येऊन टेकले. गोष्ट तिलाच नीट कळायची, म्हणून सगळे तिलाच विचारत.

"काकी, वजनच नाय तर भात शिजतो कसा गो तिथं?"

"तुझ्या आईच्या हातच्यापेक्षा मऊ शिजतो. गप रे, कॅप्टन बोलतोय."

मग मालिका बंद होणार अशी बातमी आली. वाडीचे सगळे निर्णय घेणारी गावकी बसली. मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाचे सेक्रेटरी गावी आलेले होते.

"अरे, चॅनलवाले माणसं नाय मोजत, घरं मोजतात," ते म्हणाले. "सगळी वाडी एका घरात बसते. म्हंजे तुम्ही एकच घर. बंद नाय पडणार तर काय?"

सगळ्यांना पटलं. रस्त्याच्या साफसफाईचा होतो तसा ठराव झाला: ज्याने त्याने आपल्या डिशला रिचार्ज मारायचा आणि आपापल्या घरी बघायचं. नाय बघितलं तर दंड.

"म्हंजे माझ्याकडं कुणी यायचं नाय?" काकीने विचारलं.

"थोडे दिवस, वहिनी," सेक्रेटरी म्हणाले. "मालिका वाचवायचीय ना?"

तिने मान डोलावली. मालिका वाचावी असं तर तिलाच सगळ्यांत जास्त वाटत होतं. त्या रविवारी घराघरांतून तेच संगीत ऐकू आलं. काकीच्या घरात काकी एकटी.

मी चॅनलच्या ऑफिसात फोन केला. एक मुलगी फार नम्रपणे बोलली. प्रेक्षक मोजायचं मीटर ठरावीक घरांतच असतं. जिथे मीटर नाही ते घर मोजलंच जात नाही. आमच्या वाडीत असं काही कुणी पाहिलं नव्हतं. "आणि खरं सांगू? अवकाशयान दाखवायला खर्च फार येतो. जाहिरातदारांना जिथलं गिऱ्हाईक पाहिजे, तिथे ही मालिका चालत नाही."

आमच्या वाडीने मालिकेला जीव लावला होता. त्या जिवावर साबण खपत नव्हता, म्हणून तो जीव त्यांच्या हिशेबात नव्हता. हे मी गावकीत सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "तरी बघत राहा. वाटली तर वाटली लाज त्यांना."

कुणाला लाज वाटली नाही. यान अर्ध्या वाटेत असताना मालिका संपली. डिश मात्र चालू राहिल्या, आणि घराघरांत वेगवेगळ्या मालिका सुरू झाल्या. गावकीचा ठराव कुणी मागे घेतला नाही. आता त्याची गरजही उरली नव्हती.

एका रविवारी मी काकीकडे गेलो. ती बंद टीव्हीसमोर तांदूळ निवडत होती.

"दुसरं काय तरी लावूया, काकी. मी बोलावतो सगळ्यांना."

"नको रे. तुझ्या शब्दाखातर येतील, बसतील, जातील." तिने सुपातले तांदूळ पाखडले. "ती माणसं मालिकेसाठी यायची. मला वाटलं, माझ्यासाठी येतात."

मी थोडा वेळ बसलो. तिने चहाचं विचारलं नाही. शेजारच्या घरातून कसल्याशा मालिकेतलं सासू-सुनेचं भांडण ऐकू येत होतं.