एकतीस नंबरची पूड

कल्पना करा, तुमच्यापुढे कर्करोगाच्या गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा आहे, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधून नुकताच काढलेला. द्रव नायट्रोजन ओतलेल्या खलात तो कुटायचा. वितळला की संपलं, कारण त्यातला आरएनए, म्हणजे जनुकाची कामापुरती नक्कल, बघता बघता मोडतो. बोटं बधिर होतात, चष्म्यावर धुकं चढतं, तरी हात थांबवायचा नाही.

प्रयोगशाळेतल्या मावशी हे बावीस वर्षं करत होत्या. बाकीचे तुकडा मधोमध कापत, अर्धा डीएनएसाठी, अर्धा आरएनएसाठी. मावशी मात्र अख्ख्या तुकड्याची पूड करून मग तिचे दोन वाटे करत. गाठीचं एक टोक दुसऱ्यासारखं असेलच असं नाही, हे त्यांचं म्हणणं. "मावशींची गिरणी सुरू झाली!" अशी टिंगल रोजचीच.

यंदा एकतीस नंबरच्या नमुन्यानं घोळ घातला. डीएनएवर मिथाइलच्या बारीक रासायनिक खुणा असतात. जनुकाच्या तोंडाशी त्या दाटल्या की जनुक सहसा गप्प होतं, आरएनए बनत नाही. कर्करोगात गाठीला आवर घालणारी जनुकं अशीच गप्प होतात. एकतीसमध्ये अशा एका जनुकावर खुणा गच्च होत्या आणि त्याचाच आरएनएही भरपूर.

"नळ्यांची अदलाबदल झाली," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "नमुना वगळू. हाताळणीत चूक झाली असं लिहून सही करा."

"नाही करणार."

"एका नमुन्यासाठी अडून बसता?"

"एका माणसाची गाठ आहे ती. माझी चूक दाखवा, दोन सह्या करते."

"खुणा दाटल्या की जनुक बंद. पुस्तकात आहे, मावशी."

"गाठीनं वाचलंय का पुस्तक?"

घरी नवरा मशीनवर बाही जोडत होता. "करून टाक सही. तीन वर्षं तर उरलीत नोकरीची."

"तुमच्या शिलाईला कुणी उसवलेली म्हणालं तर?"

"कात्री फेकून मारीन!"

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मावशींनी सरांना शेजारी उभं करून उरलेल्या पुडीतून सगळं पुन्हा केलं. खुणा वाचण्याआधीची रासायनिक प्रक्रिया अर्धवट राहिली, तर नसलेल्या खुणाही दिसतात. म्हणून सोबत एकही खूण नसलेला डीएनए लावला. तो कोरा निघाला. एकतीसमध्ये खुणा होत्या तशाच गच्च, आरएनए तितकाच भरपूर, आणि माणसागणिक वेगळी असणारी जनुकांतली जन्मजात अक्षरं डीएनए-आरएनए दोन्हींत जुळली, म्हणजे दोन्ही एकाच माणसाचे.

सरांनी सहीसाठी दिलेला फॉर्म परत घेतला. "राहू दे एकतीस."

"नुसतं राहू दे नाही," मावशी म्हणाल्या. आरएनएवरही मिथाइलच्या खुणा असतात आणि त्यांतल्या काही त्याला लवकर मोडू देत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. चिमूटभर पूड शिल्लक होती. तिच्यात त्या खुणा मोजून घेतल्या, तर नेहमीच्या तिप्पट!

कागद घेऊन मावशी थेट सरांच्या टेबलाशी गेल्या. "आता सांगा, सर. डीएनएनं दार लावलं तरी हा आरएनए टिकलाय, तो स्वतःच्या खुणांच्या जोरावर का? आणि तसं असेल, तर आधी कुठली खूण पडली, डीएनएवरची की आरएनएवरची?"