दोन जावांची कंपनी

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी मी मुंबईला निघाले, तेव्हा रत्नागिरीच्या बंदरावर सासरची सगळी माणसं आली होती. आगबोट लांब उभी, तिथवर मचव्यातून जायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, "पत्र पाठवीत जा" एवढंच म्हणाले. थोरल्या जाऊबाईंनी, आमच्या वहिनींनी, मात्र आमसुलांचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं. "शेजारणींना चाखायला दे, आणि काय म्हणतात ते कळव." मला नवलच वाटलं. पाच वर्षं आम्ही एका चुलीपुढे बसलो, पण या बाईनं कधी कुणाचं मत विचारलेलं मी ऐकलं नव्हतं!

गिरगावातल्या शेजारणी बोटं चाटत राहिल्या. आणखी मागवा, विकत घेऊ, म्हणाल्या. तिथून आमचा धंदा सुरू झाला. वहिनींनी रातांबे फोडायचे, सालांना रसाची पुटं देऊन उन्हात वाळवायची आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं आमसुलं धाडायची. मी ती घरोघर खपवायची. आमचे हे चिडवायचे, "जावाजावा आणि कंपनी लिमिटेड!" चिडवू देत. बोटीनं मालाची पेटी आली की मला ती उघडायचीच कोण घाई! वहिनींना लिहिता येत नव्हतं. पण एका वर्षी मोठी-लहान आमसुलं वेगळी निवडलेली, दुसऱ्या वर्षी सुक्या केळीच्या पानांत बांधलेली. हे त्यांना सुचलं कुठून? घरात होते तेव्हा मला ही बाई फक्त चुलीपुढे पाठमोरी ठाऊक होती.

तिसऱ्या वर्षी घात झाला. ऐन श्रावणात गिऱ्हाइकं दारात. "अहो, लोखंड चाटल्यासारखं लागतंय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनींनी घाई केली असणार, पुटं कमी दिली असणार, असं मी धरूनच चालले. पत्रात लिहावं तर मामंजी ते ओटीवर मोठ्यानं वाचणार, सगळ्यांपुढे त्यांची शोभा. म्हणून पावसाळा सरल्यावर पहिल्या बोटीनं उरलेला माल मी मुकाट परत धाडला. त्यापेक्षा चार शिव्या लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी वहिनी दारात! जन्मात कधी आगबोटीत पाय ठेवला नव्हता. ओळखीच्या एका कुटुंबासोबत आल्या होत्या, बोट लागून चेहरा पांढराफटक. मामंजींना काय सांगून निघाल्या, ते मला अजून कळलेलं नाही. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "परत आलेली चाखली मी. माझ्या हातची चव नाही ती. काय झालं गो? तोंडानं सांग."

मी सांगितलं. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. फळीवर माझे चकचकीत पत्र्याचे डबे. मुंबईत बरणी गावठी दिसते म्हणून त्याच वर्षी हौसेनं आणलेले. वहिनींनी एका डब्याच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला गंज.

"आंबट पत्र्यात ठेवलंस? रत्नागिरीची ना तू?"

मी त्यांचे पाय धरून रडले. "रड नंतर," त्या म्हणाल्या, "आधी बरण्या आण."

मग चार दिवस आम्ही दोघी घरोघर हिंडलो. मी माफी मागायची आणि वहिनींनी चौकशा करायच्या. ही गुजराती मंडळी वरणात गूळ किती घालतात? शेरभर आमसूल किती दिवस पुरतं? घरात सासूचं चालतं की सुनेचं? पदर खोचून भरभर चालणारी ही बाई मी प्रथमच बघत होते. मला त्या फार आवडल्या, हे सांगायला लाज कसली!

निघायच्या आदल्या दुपारी बरण्यांच्या तोंडांना फडकी बांधताना त्या सहज म्हणाल्या, "एक वर्ष तू तिथे वाळव, मी इथे विकते. जमेल?"

मी हसून म्हटलं, "बघू हं."

वहिनींनी पुन्हा कधी विचारलं नाही. माल मात्र दर वर्षी येतो, पहिल्यापेक्षाही चोख.

गावी राहिलेल्या बायांनो, तुम्ही मला विचारता, घरची आठवण येते का. येते ना. आंगण आठवतं, रातांब्यांचा वास आठवतो. पण घर म्हटलं की आता मला आधी वहिनी दिसतात, आंगणात आमसुलं उलटत बसलेल्या. तिथे कुणीतरी एकीनं राहायलाच हवं होतं. ती कोण, हे मी हसत हसत ठरवून टाकलं.